आधी विहीर मोजा, मग पैसे मागा: सोलापूर जिल्ह्यात पाण्याच्या कामासाठी निधी उभा करण्याची वाट

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "दादा, पाझर तलावाचा गाळ काढायचाय. पैसे कुठं मिळतील?" प्रश्न खरा असतो, तळमळही खरी असते. पण मार्चमध्ये विचारलं, तर उत्तर बहुधा "पुढच्या वर्षी बघू" असंच मिळतं. गाळ काढायला मार्च ते जूनचा पहिला आठवडा एवढाच वेळ असतो. मृगाचा पाऊस झाला की पोकलेन चिखलात रुतायला लागतो. त्या तीन महिन्यांसाठी लागणारे पैसे आदल्या ऑगस्टपासून जुळवावे लागतात. हा लेख ऑगस्टपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

पैसा नाही असं नाही. ग्रामपंचायतीच्या खात्यात असतो, जिल्हा नियोजन समितीकडे असतो, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेल्या रकमेत असतो, नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेकडे असतो. या सगळ्यांना हवा असतो तयार प्रस्ताव. आमच्याकडची बहुतेक गावं घेऊन जातात ते निवेदन. त्यावर सरपंचांची सही असते, खाली पन्नास अंगठे असतात, पण आकडा एकही नसतो. निवेदन फाईलला लागतं आणि तिथेच राहतं.

पाणी मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका

सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५४५ मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतो, आणि कमी आहेच. पण हिशेब मांडून बघा. एक हेक्टरवर ५४५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं ५,४५० घनमीटर, म्हणजे साडेचौपन्न लाख लिटर. गावाचं शिवार हजार हेक्टर असेल, तर एका सरासरी वर्षात ५,४५० टीसीएम पाणी गावावर पडतं. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर. जलसंधारणाची सगळी कागदपत्रं याच मापात बोलतात, तेव्हा हे माप तोंडपाठ ठेवा. यातलं किती वाहून जातं, किती मुरतं आणि पिकं किती पितात याचा कागद म्हणजे पाण्याचा ताळेबंद. तो नसेल तर प्रस्तावाला पाया नाही.

ताळेबंद अनेक गावांत आधीच झालेला असतो, फक्त कुणाला आठवत नसतो. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले १३ जिल्हे होते, त्यात सोलापूरही होतं. निवडलेल्या गावांचे जलसुरक्षा आराखडे तेव्हा तयार झाले. तुमचं गाव त्यात असेल, तर आराखडा ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. आधी कपाट उघडा.

दुसरं काम विहिरींचं. गावातल्या दहा-बारा विहिरी निवडा. काही तलावाच्या वरच्या अंगाला, काही खालच्या. दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला मुठीएवढा दगड बांधा आणि काठावरून सोडा. दगड पाण्याला टेकला की दोरी क्षणभर सैल पडते आणि खालून बारीक 'डुबुक्' ऐकू येतं. तिथं बोटानं दोरी पकडायची, वर ओढायची, गाठी मोजायच्या. वहीत तारीख, गट नंबर, विहिरीची एकूण खोली आणि काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहायचं. शाळेची सातवीची पोरं हे काम मोठ्या माणसांपेक्षा नेटकं करतात, आणि त्यांची वही हरवत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुमची वही त्यांच्या नोंदींशेजारी ठेवता येते. यंत्रणेचं जिल्हा कार्यालय सोलापुरात आहे. तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीची जुनी आकडेवारी तिथं अर्ज करून मागा.

जागा कोणाची, तलाव कोणाचा

इथं घाई केली की वर्ष जातं. एका गावात आम्ही तलावाचा नकाशा, गाळाचं मोजमाप, ग्रामसभेचा ठराव, सगळं तयार केलं होतं. शेवटच्या दिवशी तलाठ्यांनी गटनकाशा टेबलावर पसरला, पट्टी ठेवली आणि तलावाचा उत्तरेकडचा तुकडा एका खासगी गटात निघाला. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, त्यातले दोन पुण्याला. चाळीस वर्षं तिथं पाणी साठत होतं, पण भूसंपादनाची नोंद सातबाऱ्यावर चढलेलीच नव्हती. संमतीपत्रं गोळा होईपर्यंत पाऊस आला. तेव्हापासून मी पहिला कागद सातबाऱ्याचा आणि दुसरा गटनकाशाचा मागतो, बाकी सगळं नंतर.

मग तलावाचा मालक शोधा. साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे पाझर तलाव आणि बंधारे जिल्हा परिषदेकडे असतात. त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे किंवा जलसंपदा विभागाकडे. गायरान असेल तर महसूल, वनाची हद्द असेल तर वनविभाग. ज्याची मालकी, त्याचं ना-हरकत पत्र लागतं. देणगीदाराचा पहिला प्रश्न हाच असतो.

माळरानाबद्दल मला इथं थांबून बोलायचंय. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या पट्ट्यात जे गवताळ माळ आहेत, ते पडीक नाहीत. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये याच गवतात राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी झालं. लांडगा, काळवीट, चंडोल यांना उघडा माळ लागतो, धनगरांच्या मेंढ्यांनाही तोच लागतो. पर्यावरणाच्या नावाखाली अशा माळावर खड्डे खणून गुलमोहर आणि निलगिरी लावायला पैसे मिळतात, कारण झाडं मोजता येतात, फोटोत दिसतात. कृपा करून ते पैसे घेऊ नका. माळ सुधारायचा असेल तर ठरावीक काळाची चराईबंदी, पवना-मारवेलसारख्या देशी गवताचं बी, आणि ओघळींवर दगडी बांध एवढंच मागा. झाडं लावायची तर ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावा.

सरकारी पैसा: दार ग्रामसभेचं

सरकारी निधीच्या बहुतेक वाटा ग्रामपंचायत विकास आराखड्यातून जातात. काम आराखड्यात नसेल तर ते सरकारच्या लेखी नाही. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांत होते, म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच विषय मांडून ठेवा. ठरावात "गावात जलसंधारणाची कामे करावीत" असं मोघम लिहू नका. कामाचं नाव, गट नंबर, अंदाजे लांबी-रुंदी, अंदाजे खर्च, लोकवाटा कोण देणार आणि पुढची देखभाल कोण करणार हे सगळं ठरावातच यायला हवं. सूचक आणि अनुमोदकात एक तरी बाई असू द्या. हंडा त्यांच्या डोक्यावर असतो, आणि त्यांनी मांडलेला ठराव सहसा कुणी टाळत नाही.

आराखड्यात काम आलं की पैशाचे बरेच रस्ते उघडतात. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेली होती, तिच्यातला निम्मा वाटा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी होता. सध्या कोणता हप्ता कोणत्या बंधनासह आलाय ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांना विचारा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या गावाची जमा-खर्चाची माहिती कुणालाही बघता येते.

रोजगार हमी या मातीतली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांसाठी ती उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्याकडचे कित्येक पाझर तलाव त्या काळातल्या कामांचे आहेत, आणि आज गाळानं भरलेत तेच. रोहयोत मजुरी ६० आणि साहित्य ४० अशी चौकट असते आणि माणसाच्या हाताला काम देणं हा हेतू असतो, म्हणून तिथं मजुरांऐवजी यंत्र लावता येत नाही. सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीत खणलेले लांब चर), दगडी बांध, रोपलागवड ही कामं रोहयोतून करा. पोकलेन लागणारं काम दुसऱ्या निधीतून करा. दोन्ही एकाच कामाच्या नावावर दाखवलं तर लेखापरीक्षणात सापडतं आणि गावाचं नाव खराब होतं.

गाळासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना बघाच. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून नव्या रूपात आली. नव्या रूपात यंत्र आणि इंधनाचा खर्च घनमीटरला ३१ रुपये दरानं धरला होता. गाळ शेतात नेणाऱ्या अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्याला एकरी १५,००० रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरीही त्यात येतात. मागणीआधी चालू वर्षाचे दर जिल्हा जलसंधारण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून घ्या. एक अट मात्र कधीच सैल होत नाही: फक्त गाळ काढायचा, वाळूला हात लावायचा नाही. आणि तळाचा मुरूम फोडायचा नाही. गाळ संपला की थांबायचं.

जलयुक्त शिवार २.०, आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी, जिल्हा नियोजन समितीची नावीन्यपूर्ण योजना हे रस्तेही आहेत. आमदार-खासदार निधीला फक्त पत्र पुरत नाही. लोकप्रतिनिधी काम सुचवतात, पण मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते आणि त्यासाठी तांत्रिक मान्यता झालेलं अंदाजपत्रक लागतं. म्हणून पंचायत समितीच्या किंवा जलसंधारणाच्या शाखा अभियंत्याला आधी जागेवर आणा. चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करून घ्या आणि ते फाईलमध्ये तयार ठेवा. फेब्रुवारीअखेर कुठल्याशा योजनेत पैसे शिल्लक राहतात, तेव्हा ज्याचं अंदाजपत्रक तयार त्याचं काम होतं.

कंपन्यांचा सीएसआर

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्यातही आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा सांगतो. माती, पाणी आणि पर्यावरण परवानगी असलेल्या कामांच्या यादीत स्पष्ट आहेत. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, चिंचोळीत आणि अक्कलकोट रस्त्यावर औद्योगिक वसाहती आहेत. कोणत्या कंपनीनं कोणत्या जिल्ह्यात कशावर किती खर्च केला ते केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर दिसतं. एक संध्याकाळ मोबाईल घेऊन बसा आणि यादी करा.

मोठ्या कंपनीकडेच धावायची गरज नाही. ज्या कंपनीची सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. सोलापूरच्या कारखानदाराला तलाव दाखवायला गाडीत बसवून आणता येतं. मुंबईच्या कार्यालयाला आणता येत नाही. साखर कारखान्यांबाबत मात्र गल्लत करू नका. जिल्ह्यात तिसाहून जास्त कारखाने आहेत, पण सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत. त्यांच्याकडे सीएसआर मागण्यापेक्षा गळीत हंगाम संपल्यावर उभी असलेली यंत्रं आणि डिझेल मागा. ती मागणी त्यांना समजते, आणि सभासद तुमच्याच गावचे असतात.

सीएसआरचा पैसा कुणाला मिळतो हे नीट समजून घ्या. युवक मंडळाच्या किंवा सरपंचांच्या खात्यावर तो येत नाही. राबवणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, आयकराच्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदणीची, तीन वर्षांच्या कामाचा इतिहास असलेली आणि सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घेतलेली लागते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही बहुतेक जण मागतात. गावाकडे अशी संस्था नसेल तर नवी काढून तीन वर्षं थांबू नका. असलेल्या विश्वासू संस्थेशी आणि कंपनीशी मिळून तिहेरी करार करा: पैसा संस्थेकडे, कामाची देखरेख गावाच्या पाणी समितीकडे, आणि देयक समितीच्या सहीशिवाय निघणार नाही. हे शेवटचं कलम करारात असायलाच हवं. "सीएसआर मिळवून देतो, आधी दहा टक्के द्या" म्हणणारी माणसं हल्ली गावोगाव फिरतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा. परदेशी निधीच्या वाटेला तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसताना जाऊच नका. तो कायदा कडक आहे, आणि २०२० नंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला वाटताही येत नाही.

नाबार्ड, आणि पैसे न देणारे सोबती

एका तलावापुरतं नाही, माथा ते पायथा अख्खं पाणलोट बांधायचं असेल, तर नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना भेटा. पाणलोट विकास निधीतून चालणारी कामं संथ असतात, पण टिकतात. आधी छोट्या क्षेत्रावर क्षमता बांधणीचा टप्पा होतो. गावानं श्रमदान करून दाखवलं, समिती चालवून दाखवली की मोठा टप्पा मिळतो. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानं पाळावी लागते. गावात दोन गट आहेत आणि ते एका पंगतीला बसत नाहीत अशी स्थिती असेल, तर नाबार्डकडे जाण्याआधी ते मिटवा.

पाणी फाउंडेशन गावाला प्रशिक्षण देतं, भारतीय जैन संघटना आणि नाम फाउंडेशननं अनेक ठिकाणी यंत्रं पुरवली आहेत. प्रशिक्षण झालेली दहा माणसं गावात असणं ही प्रस्तावातली मोठी जमेची बाजू आहे, ती लिहायला विसरू नका.

प्रस्ताव दोन पानांचा

"आमचे गाव कायम दुष्काळी असून पाण्याची भीषण टंचाई आहे, तरी सहकार्य करावे." हे वाक्य मी अक्षरशः शेकडो अर्जांत वाचलंय. वाचणाऱ्याच्या टेबलावर असे चाळीस अर्ज असतात. त्याऐवजी आकड्यांत बोला. समजा तलावाचं गाळाचं क्षेत्र एक हेक्टर आहे. सात-आठ ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले आणि गाळाची सरासरी खोली एक मीटर भरली. म्हणजे गाळ १०,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा सुमारे ३,५३० ब्रास. तो निघाला की तलावात तेवढीच जागा वाढली: १० टीसीएम, एक कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर हजार टँकर, तेही एकदा भरल्यावर.

खर्च बघा. घनमीटरला ३१ रुपये धरले तर खोदाईला ३ लाख १० हजार. वाहतूक शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरनं करणार. ब्रासला ४०० रुपये भाडं समजा, तर गावाचा वाटा १४ लाखांवर जातो. म्हणजे देणाऱ्याच्या एका रुपयामागं गाव साडेचार रुपये घालतंय. हे वाक्य पहिल्या पानावर, पहिल्या परिच्छेदात लिहा. भाड्याचा दर मात्र तुमच्या गावातला खरा टाका, आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची गट नंबर आणि सह्यांसह यादी जोडा. यादीशिवाय लोकवाटा हे नुसतं बोलणं ठरतं.

दुसऱ्या पानावर कोणत्या विहिरींना फायदा होईल, आज त्यांची मे महिन्यातली पातळी काय आहे, कामाचं वेळापत्रक, समितीतली माणसं, आणि पाणी आल्यावर ते कसं वापरणार. शेवटचा मुद्दा टाळू नका. तलाव भरला आणि खालच्या बाजूला वीस नवे बोअर पडले, ऊस वाढला, तर तीन वर्षांत मेमध्ये पुन्हा टँकर येतो. "तलावाखाली नवीन बोअर नाही, नवा ऊस फक्त ठिबकवर" असा ठराव जोडलेला प्रस्ताव वेगळा उठून दिसतो. तो ठराव करणं सोपं नाही. आमच्या एका गावात तीन ग्रामसभा त्यातच गेल्या, पण झाला.

प्रस्ताव कंपनीला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्या आणि जानेवारीत पुन्हा जाऊन बसा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्याआधी खर्च व्हायची रक्कम शिल्लक असेल तर तिच्यावर निर्णय जानेवारी-फेब्रुवारीत होतात.

पैसे आल्यावर

कामासाठी वेगळं बँक खातं उघडा, दोन सह्या ठेवा, त्यातली एक महिला सदस्याची. यंत्राच्या तासांची नोंद रोज संध्याकाळी जागेवर करा: सुरू कधी, बंद कधी, ट्रॅक्टरच्या खेपा किती, डिझेल किती. कामाआधी, काम चालू असताना आणि नंतर एकाच दगडावर उभं राहून ठिकाण-तारीख छापून येणाऱ्या ॲपनं फोटो काढा. आम्ही एका कामात डिझेलच्या पावत्यांवर यंत्राचा नंबर लिहायचं विसरलो होतो. पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र अडलं, दुसरा हप्ता आठ महिने लांबला, आणि तोवर यंत्रमालक रोज दारात येत होता. चूक आमचीच होती. पेट्रोल पंपावर पाच मिनिटं जास्त थांबलो असतो तर टळली असती.

कामाचा फलक गावाच्या चौकात लावा: किती पैसे आले, कुणाकडून, किती खर्च झाले. देणाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात गावाचा वाटाही लिहा.

आणि ऑक्टोबरमध्ये तीच दोरी घेऊन त्याच विहिरींवर जा. पातळी लिहा, शेजारी तुमच्या महसूल मंडळाचा त्या वर्षीचा पाऊस लिहा, आणि देणाऱ्याला पाठवा. पाऊस दडी मारून गेला आणि आकडा वाईट आला, तरी पाठवा. पावसाचा आकडा शेजारी असेल तर ते समजून घेतात. दुसऱ्या वर्षी वरच्या ओघळींवर दगडी बांध घालायला पैसे लागणारच आहेत, आणि त्या प्रस्तावाचं पहिलं पान म्हणजे हीच वही.